अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी उशिरा उचलते : डिझेल फोर बाय फोर, पावसाळ्यानंतर सुरू झालेला त्रास

घाटवाट_मुलुंड · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ची. २.२ लिटर कॉमन रेल डिझेल, बीएस ४, व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारी चक्की), मॅन्युअल गिअर, पार्ट टाइम फोर बाय फोर (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद). कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही. अशा रचनेच्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि मला उत्तरही रचनेच्या अंगानेच हवंय.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १,३०० ते १,८०० आरपीएमच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही. इंजिन नुसतं घोगरं होतं, आरशात काळ्या धुराचा लोट दिसतो, आणि २,२००च्या पुढे गेल्यावर एकदम धक्का देऊन गाडी उचलते. त्यानंतर पहिल्यासारखी पळते. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये काही जाणवत नाही. आयडल स्थिर आहे, चेक लाइट लागत नाही.

शहरात हे निभावून नेता येतं, चढावर नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या कच्च्या वाटांवर सुट्या दगडांत चाक ठेवून थोडी रेस मागितली, तर आधी गाडी मागे सरकू पाहते, आणि मग ताकद एकदम येऊन चाकं जागच्या जागी फिरतात. दगड मागे उडतात. वाट दाखवायला उतरलेली आपलीच माणसं आजूबाजूला उभी असतात. म्हणून हे सोडवल्याशिवाय गाडी डोंगरात न्यायची नाही असं ठरवलंय.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकले, फिल्टरच्या तळातलं पाणी काढलं. फरक शून्य. एका गॅरेजमध्ये टर्बो बदला म्हणाले, दुसरीकडे डिझेल फवारणारी चारही नोझल. दोन्हीकडे बोनेट उघडून आवाज ऐकला, मोजमाप कुणीच केलं नाही. टायर गेल्या वर्षी २३५/७० आर १६ वरून २४५/७५ आर १६ केले आहेत.

सुरुवात कुठून करू?

चाकोरीबाहेर · शनिवार, रात्री १०:०५

टायर! मोठे टायर टाकले की पिकअप जाणारच. परत मूळ साइझवर या, सगळं सुरळीत होईल.

निशिगंधा · शनिवार, रात्री १०:३२

टायरचा परिणाम होतो, पण किती होतो ते आकड्यांत बघू या.

२३५/७० आर १६ म्हणजे रिम ४०६ मिमी आणि दोन्ही बाजूंची भिंत मिळून ३२९, एकूण व्यास ७३५ मिमी. २४५/७५ आर १६चा व्यास ७७४ मिमी. वाढ सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या वेगाला आधी इंजिन १,५०० आरपीएमवर होतं, त्याच वेगाला आता ते १,४२५च्या जवळ असेल. टर्बो जागा होण्याच्या सीमेवर हा फरक पायाला कळतो, शिवाय ऑल टेरेन टायरचं वजन जास्त. पण काळा धूर आणि दोन सेकंदांची वाट पाहणं यातून येत नाही. टायर गेल्या वर्षीचे, त्रास पावसाळ्यानंतरचा, हेही जुळत नाही.

स्पीडोमीटर मात्र आता कमी दाखवत असणार. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ला असेल, एवढं लक्षात ठेवा.

राईडर_विरार · शनिवार, रात्री ११:१८

पेडल बॉक्स लावा. पंधरा मिनिटांचं काम, वायर कापावी लागत नाही, गाडी एकदम तिखट होते. माझ्या गाडीला लावलाय, खूश आहे.

जुना_फिटर_लालबाग · रविवार, सकाळी ७:१०

घाटवाट, टर्बोचे पैसे अजून खिशातून काढू नका. भाग सुचवायला सगळ्यांनीच सुरुवात केलीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उशिरा उचलते तेव्हा उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो. पाय खाली गेला, पण ती खबर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, उशिरा किंवा चुकीची मिळाली. किंवा खबर मिळाली, पण इंजिनाला हवा नाहीतर डिझेल वेळेवर मिळालं नाही. किंवा इंजिनाने ताकद काढली, पण ती चाकापर्यंत पोचलीच नाही.

हे शेवटचं आधी बाद करा, त्याला हत्यार लागत नाही. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि वेग मागे राहतो. तुमच्याकडे काटाच चढत नाही, म्हणजे क्लच नाही. ब्रेकसाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू वेगात न्यूट्रल करा आणि गाडी मोकळी घरंगळते का बघा. मग थांबून चारही रिमांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या आणि चिखलात फिरणाऱ्या गाडीला हे हमखास होतं. आणि ट्रान्स्फर केस खरंच २एचला, म्हणजे फक्त दोन चाकांवर, येते ना, तेही बघा. पार्ट टाइम गाडीत मध्ये डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर ४एचमध्ये राहिली तर वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो आणि गाडी ओढल्यासारखी चालते.

आता धुराविषयी. काळा धूर म्हणजे डिझेल आलंय, हवा कमी पडलीये. फिल्टर चोक होऊन डिझेलच कमी पडलं असतं तर गाडी ओढली नसती, पण धुराचा असा लोट सहसा निघाला नसता. नोझल गळत असेल तर धूर येतो, हे खरं. पण मग आयडलला ठोका, थरथर, सकाळी स्टार्टला त्रास असं काहीतरी सोबत येतं. तुमचं आयडल स्थिर आहे आणि २,२००च्या पुढे गाडी निरोगी आहे. माझं बोट हवेच्या मार्गाकडे जातं.

मला तीन गोष्टी सांगा. चढावर रेस देताना बोनेटखालून फुसफुस किंवा शिट्टी ऐकू येते का? ब्रेकचं पेडल आधीपेक्षा कडक झालंय का? आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा तळाला पाणी किंवा चिखल होता का?

वायरमन_कुर्ला · रविवार, सकाळी ९:२५

काकांनी पहिला टप्पा पटकन उरकला, तो माझ्या कामाचा आहे म्हणून लिहितो.

या गाड्यांत केबल नाही. पेडलमध्ये सेन्सर असतो आणि तो दोन वेगळे सिग्नल पाठवतो. बऱ्याच पेडलांत एक सिग्नल दुसऱ्याच्या निम्मा असतो. ईसीयू दोन्ही ताडून बघतो, जुळले नाहीत तर पी २१३८सारखा कोड टाकतो आणि ताकद कमी करतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर लावा आणि पेडल अगदी हळू दाबा. व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. मध्येच उडी मारलं किंवा खाली पडलं तर त्या जागी ट्रॅक घासलाय. सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर काढून बघा. पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवी बुरशी चढलेली मी सतत बघतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत बसवा. पॉलिश पेपरने घासू नका, पिनेवरचा मुलामा निघून जातो.

दुसरं, ब्रेकचा स्विच. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले की बरेच ईसीयू इंजिनाची ताकद कापतात. स्विच चिकटला असेल तर तुम्ही ब्रेक दाबलेला नसतानाही ईसीयूला दाबलेला दिसतो. संध्याकाळी भिंतीजवळ गाडी लावून मागचे लाल दिवे आपोआप पेटलेले नाहीत ना ते बघा.

तिसरं, मॅट. जाड रबरी मॅट पुढे सरकली की पेडल पूर्ण खाली जातच नाही.

घाटवाट_मुलुंड · रविवार, दुपारी १:५०

काका, चाकं सारखीच कोमट लागली, न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी जाते, ४एचचा दिवा बंद आहे आणि तीव्र वळणावर ओढही लागत नाही. शिट्टी नाही. ब्रेक नेहमीसारखा. डब्याच्या तळाला चिखल होता. पाणी निघून जाण्याची रबरी चोच पूर्ण बुजली होती. फिल्टर बदलताना ती साफ केली.

वायरमन भाऊ, कनेक्टर स्वच्छ आहे, मागचे दिवे ठीक, मॅटही जागेवर. मल्टिमीटर नाहीये, पण लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, ईसीयूतले आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आहे. पेडलचा आकडा त्यात दिसेल ना?

निशिगंधा · रविवार, दुपारी २:३०

दिसेल, आणि त्याहून बरंच काही दिसेल. कोड नाहीत म्हणून गाडी निरोगी आहे असं समजू नका. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, कमी पडल्याचा पी ०२९९ कोड टाकण्याआधी फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आणि ठरावीक वेळ टिकावा लागतो. आपण वैतागून पाय काढतो किंवा आरपीएम वर निघून जातो, तेवढ्यात ती वेळ पुरी होत नाही.

पाच आकडे एकत्र नोंदवा. पेडलची टक्केवारी, आरपीएम, मॅप म्हणजे इनटेकमधला दाब, मॅफ म्हणजे आत येणारी हवा, आणि रेल प्रेशर म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या पाइपातला दाब.

आधी गाडी न चालवता दोन तपासण्या. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास. तिथेच ८५ किंवा ११५ दाखवत असेल तर सेन्सर काजळीने भरलाय किंवा बिघडलाय, आणि पुढचे आकडे त्याच्या भरवशावर वाचता येणार नाहीत.

मग गरम इंजिन, आयडल. २.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला ८८० लिटर हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात थोडी कमी ओढतं, म्हणजे ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असेल तर सेकंदाला १४-१५ ग्रॅम. आयडलला ईजीआर उघडा असतो तेव्हा आकडा बराच खाली येतो, कारण आतली काही जागा जळालेल्या वायूने व्यापलेली असते. हलकी रेस धरून ठेवल्यावर आणि सोडल्यावर हा आकडा बदलतो का बघा. कायम खालीच चिकटून असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. मॅफ सेन्सर मळलेला असला तरी आकडा कमी येतो. तो साफ करायचा असेल तर मॅफचाच स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर किंवा कापसाची काडी नको, आतली तार फार नाजूक असते.

शेवटी चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये १,४००ला आणून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ३,०००पर्यंत जाऊ द्यायचं. फोन शेजारच्याच्या हातात द्या, आणि रस्ता रिकामा असेल तेव्हाच करा.

ईगल_आय · रविवार, दुपारी ३:१५

एवढा अभ्यास कशाला? ईजीआरला पत्रा मारून ब्लँक करा. डिझेल गाडीचा अर्धा त्रास ईजीआरचाच असतो. शंभर रुपयांत विषय संपतो.

निशिगंधा · रविवार, दुपारी ३:४०

ईजीआर अडकलाय हे मोजून कळलं तर खोलून, काजळी काढून परत बसवता येतो. पत्रा मारणं हा वेगळा प्रकार. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतो, तो बंद केला की ते थेट हवेत जातात. याच शहरात आपली मुलं श्वास घेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करतं, ते वेगळंच. आणि मूळ दोष टर्बोत असेल तर पत्रा मारूनही गाडी तशीच राहील.

जुना_फिटर_लालबाग · रविवार, संध्याकाळी ६:२०

ताईंशी शंभर टक्के सहमत.

पेडल बॉक्सबद्दलही बोलतो, कारण तरुण मंडळी त्याच्या मागे लागलीयेत. तो डबा पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि तुमचा पाय ३० टक्के दाबलेला असताना ईसीयूला ६० सांगतो. इंजिनात ताकद वाढत नाही. सपाट रस्त्यावर गाडी तिखट वाटते, हे राईडरचं खरं आहे. पण हवा कमी पडणाऱ्या इंजिनाला तो जास्त डिझेल मागायला लावणार, म्हणजे धूर वाढणार. आणि दगडांत तर पेडल जितकं मऊ आणि लांब तितकं बरं. तिथे पायाच्या अंगठ्याने गाडी चालवायची असते.

घाटवाट, आकडे येईपर्यंत इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) दोन्ही जाड नळ्या हाताने चाचपून घ्या, विशेषतः खालची बाजू. तेलाने ओली होऊन फुगलेली नळी थंड असताना धड दिसते आणि दाब आला की उघडते. क्लिपा घट्ट करा. आणि इंटरकूलरच्या जाळीत चिखल वाळलाय का बघा. तो असेल तर हवा थंड होत नाही आणि गरम हवेत प्राणवायू कमी मावतो. धुताना प्रेशरची तोटी लांब धरा, नाहीतर पात्या वाकतात.

एक कळकळीचं सांगणं आहे. रेलच्या लोखंडी पाइपांना इंजिन चालू असताना पाना लावू नका. तिथे हजार-दीड हजार बारचा दाब असतो, बारीक फवाराही कातडीत घुसतो. लोकांची बोटं गेलीयेत त्यात.

परळकर · रविवार, रात्री ९:००

धाग्यात मध्येच घुसतोय, पण त्रास तसाच आहे. माझी बीएस ६ डिझेल एसयूव्ही. परळ ते वरळी आणि परत, एवढंच रोजचं चालणं. हल्ली गाडी जड झालीये, ॲव्हरेज पडलंय आणि डॅशबोर्डवर एक नळकांड्यासारखा दिवा लागतो.

निशिगंधा · रविवार, रात्री ९:२५

तुमचं दुखणं वेगळं आहे. तो दिवा डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातल्या काजळीच्या गाळणीचा. एप्रिल २०२०पासून बीएस ६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत ही गाळणी सर्रास आली. साठलेली काजळी जाळायला गाडी मधूनमधून तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते, आणि त्यासाठी सलग चालणं लागतं. परळ-वरळीच्या सिग्नलांत तेवढा वेळच मिळत नाही. प्रत्येक वेळी काम अर्धवट राहतं, गाळणी भरत जाते, इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि गाडी जड होते.

मॅन्युअलमध्ये दिव्याचा अर्थ वाचा. दिवा स्थिर असेल आणि सोबत इंजिनाचा दिवा नसेल तर सहसा सलग चालवून काम होतं. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, वेगमर्यादा १००. पहाटे एक फेरी, एक गिअर कमी ठेवून २,००० आरपीएमच्या पुढे, आणि मध्ये इंजिन बंद करायचं नाही. निघण्याआधी डिपस्टिक बघा. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. खुणेच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनाचा दिवाही लागला असेल तर फेरी मारत बसू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

परळकर · रविवार, रात्री ९:३१

दिवा स्थिर आहे. उद्या पहाटेच निघतो. मनापासून आभार ताई.

घाटवाट_मुलुंड · बुधवार, रात्री १०:१५

आकडे आणले. पहाटे गायमुखचा चढ रिकामा मिळाला, भाऊ शेजारी फोन घेऊन बसला होता.

इंजिन बंद असताना मॅप १००. आयडलला मॅफ ८च्या आसपास, रेस धरल्यावर सरळ वाढतो आणि सोडल्यावर खाली येतो. पेडल झटक्यात १०० टक्के, कुठे अडखळणं नाही. रेल प्रेशर पायाबरोबर चढतं.

गडबड मॅपमध्ये आहे. १,४००ला पूर्ण दाबल्यावर मॅप ११०-११५वर रेंगाळतो. १,९००ला १३०. २,३००च्या पुढे सुसाट, आणि २,८००ला २१०. इंटरकूलरच्या नळ्या धड आहेत, क्लिपा घट्ट आहेत, जाळीतला चिखल धुऊन काढला.

निशिगंधा · बुधवार, रात्री १०:४०

नोंद अगदी नेमकी केलीत. पेडल संशयातून सुटलं, रेल प्रेशरही सुटलं, म्हणजे नोझल बदलण्याचा सल्लाही सध्या बाजूला.

बूस्टची नळी फाटली असती तर वरच्या आरपीएमलाही दाब गळाला असता; उलट तिथे दाब जास्त म्हणून गळती जास्त. तुमच्याकडे वर २१० येतंय. टर्बोची चाकं फिरतात, नळ्या दाब धरतात. खालच्या आरपीएमलाच टर्बो झोपलेला आहे. काका, हे व्हेनचं वाटतंय ना?

जुना_फिटर_लालबाग · गुरुवार, सकाळी ६:५०

व्हेनचंच.

तुमच्या टर्बोत गरम वायूच्या वाटेवर हलणाऱ्या पात्या असतात. आरपीएम कमी असताना त्या मिटतात आणि वाट अरुंद करतात. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की थोडंसं पाणीही जोरात जातं, तसं. मग थोड्या वायूतही टर्बो वेग घेतो. आरपीएम वाढला की पात्या उघडतात. बहुतेक व्हॅक्यूमवाल्या टर्बोंत पात्या मिटायला व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने हवा ओढून केलेली पोकळी, लागतो, आणि व्हॅक्यूम गेला तर त्या उघड्याच राहतात, म्हणजे इंजिनावर दाब चढून नुकसान होऊ नये. तुमची गाडी नेमकी तशी वागतेय, खाली मेलेली आणि वर निरोगी.

टर्बोवर एक गोल डबी असते, तिच्यातून एक दांडी निघते. इंजिन थंड असताना कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा आणि दांडीवर नजर ठेवा. हात, सदरा, मफलर पंख्यापासून लांब. स्टार्ट झाल्याबरोबर दांडी ओढली गेली पाहिजे, बंद केल्यावर परत आली पाहिजे.

दांडी हललीच नाही तर डबीची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडी सरळ ओढली गेली आणि तिथेच टिकली, तर टर्बो आणि डबी दोन्ही चांगल्या आणि दोष मागे, नळीत नाहीतर सोलेनॉइडमध्ये, म्हणजे डबीला व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये. दांडी ओढली जाते पण सावकाश परत येते, तर डबीचा पडदा फाटलाय. व्हॅक्यूम टिकतो पण दांडी अडते, तर आत काजळीने पात्या जाम आहेत. तेव्हाच टर्बो उतरवायचा, आणि तेव्हाही आधी सफाई.

पंपाच्या बाजूला गेज लावलं तर ०.८ बारच्या वर व्हॅक्यूम दिसायला हवा. ब्रेक कडक झालाय का असं मी यासाठीच विचारलं होतं. ब्रेकला जोर देणारा बूस्टरही त्याच पंपावर चालतो. तुमचा ब्रेक चांगला आहे, म्हणजे पंप बरा असावा आणि गळती बारीक फांदीवर असावी. हा माझा अंदाज, गेज लावल्यावर नक्की होईल.

राईडर_विरार · गुरुवार, सकाळी ८:३०

काका, हे वाचून माझ्या गाडीचीही दांडी बघावीशी वाटतेय. डबा लावायच्या आधी तीही खाली अशीच मरगळलेली होती.

जुना_फिटर_लालबाग · गुरुवार, सकाळी ८:५५

बघाच. डबा काढून ठेवा, मूळ पेडलवर चालवा आणि मगच आकडे घ्या.

घाटवाट_मुलुंड · रविवार, दुपारी ४:०५

सापडलं!

स्टार्ट मारल्यावर दांडी जेमतेम थरथरली, ओढली गेली नाही. माझ्या ओळखीच्या फिटरकडे हातपंप होता. डबीला थेट व्हॅक्यूम दिला तर दांडी पूर्ण ओढली गेली आणि तशीच टिकली. सोलेनॉइडच्या इनपुटवर ०.८५ बार. मग राहिली फक्त सोलेनॉइड ते डबी ही हातभर नळी. हीट शील्डच्या मागे ती एका ब्रॅकेटला घासत होती, आणि डबीकडचं टोक उष्णतेने कडक होऊन उभं चिरलं होतं. वरून बघितलं तर काहीच कळत नव्हतं, हात मागे घालून वाकवल्यावर चीर उघडली. चिखलाचा थरही तिथेच बसलेला, बहुधा तो वाळून ब्रॅकेटवर नळीला कानशीसारखा घासत राहिला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नळी आणली, ब्रॅकेटपासून लांबून नेली, घासण्याच्या जागी बाहेरून वेगळं आवरण घातलं. परत गायमुख. १,४००ला पूर्ण दाबल्यावर मॅप सेकंदाच्या आत १५०च्या पुढे, १,९००ला १९५. धूर जवळजवळ नाही. धक्का गेला.

टर्बो आणि नोझल दोन्ही जुनेच आहेत आणि उत्तम चालतायत. काका, ताई, वायरमन भाऊ, तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून एवढं नीट लिहिलंत, मी खरंच ऋणी आहे. पुढच्या आठवड्यात कर्जतच्या बाजूला एका सोप्या चढावर लो रेंजमध्ये बघणार आणि मगच मोखाडा.

वायरमन_कुर्ला · रविवार, दुपारी ४:३०

मस्त! सोलेनॉइडचा कनेक्टरही त्याच चिखलात असतो. एकदा उघडून स्वच्छ करा, आणि त्यावर श्वास घेण्याची बारीक फोमची टोपी असेल तर ती चिखलाने बुजली नाही ना तेही बघा. ती बुजली की व्हॅक्यूम सुटत नाही, पात्या मिटलेल्याच राहतात आणि उलटा त्रास सुरू होतो, बूस्ट जास्त.

परळकर · रविवार, संध्याकाळी ७:१५

माझाही दिवा गेला. सेतूवरून परत येताना शिवडीच्या अलीकडेच विझला. ऑइल खुणेच्या वर निघालं, म्हणून बदलून घेतलं. आता आठवड्यातून एकदा लांब फेरी ठरवली आहे.

कोकणस्वार · रविवार, रात्री ८:४०

माझीही त्याच काळातली गाडी, २.५ लिटर, आणि खाली तशीच मंद. दांडी बघितली, अर्धीच ओढली जाते. नळी बदलूनच टाकतो. कुठल्या मापाची आणि कसली घ्यायची? दुकानदार निळी सिलिकॉनची देतोय.

जुना_फिटर_लालबाग · सोमवार, सकाळी ७:०५

अर्धी ओढली जाते तर आधी गेज लावा, पंप अशक्त असला तरी असंच होतं. पंप बरा निघाला की नळीकडे या.

माप जुन्या नळीचं चांगलं टोक कापून सोबत न्या आणि आतला व्यास जुळवूनच घ्या. सैल बसली तर गळेल, ताणून चढवली तर त्याच टोकाला परत चिरेल. भिंत जाड हवी, व्हॅक्यूमखाली चपटी व्हायला नको. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण इंजिन ऑइलशी त्याचं जमत नाही. या पंपाच्या व्हॅक्यूममधून ऑइलची बारीक वाफ येत असते, त्याने साधं सिलिकॉन फुगून मऊ पडतं. टर्बोजवळच्या तुकड्याला ऑइल आणि उष्णता दोन्ही सोसणारी, विणलेल्या धाग्याची व्हॅक्यूम नळी मागा, किंवा कंपनीचीच घ्या. बारीक नळीच आहे, फार महाग पडत नाही.

आणि काढण्याआधी फोटो काढा. सोलेनॉइडवर दोन तोंडं सारखीच दिसतात, एक पंपाकडून येणारं आणि एक डबीकडे जाणारं. अदलाबदल झाली तर नवी नळी घालूनही दांडी हलणार नाही. जुन्या नळीवर आणि तोंडावर एकाच रंगाचा ठिपका लावा, मग ओढून काढा.